यकृतकृमीची लस आणि पहिले सहा दिवस

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचल्या जातात. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा होते. मेंढपाळाला आंत्रविषार आणि पीपीआर ही नावे तोंडपाठ असतात. या सगळ्या लसी जिवाणू किंवा विषाणूंविरुद्धच्या आहेत. जंतांसाठी मात्र 'पाजायचे औषध' असते, लस नसते. असे का, हा प्रश्न वरवर साधा आहे. त्याचे उत्तर शोधायला गेले की एका पानाच्या आकाराच्या चपट्या कृमीपाशी येऊन थांबावे लागते. या कृमीविरुद्धच्या लसीचा शोध अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालू आहे आणि ती अजून बाजारात आलेली नाही.

हा यकृतकृमी, म्हणजेच लिव्हर फ्लूक. त्याच्या दोन जाती महत्त्वाच्या. फॅसिओला हेपॅटिका थंड आणि समशीतोष्ण प्रदेशातली. भारतात ती मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यात आढळते. फॅसिओला जायगँटिका उष्ण प्रदेशातली. ती लांबीने जवळजवळ दुप्पट-तिप्पट, सात सेंटिमीटरपर्यंतही वाढते. आपल्या गाई-म्हशींना आणि शेळ्या-मेंढ्यांना ग्रासते ती हीच. दोन जातींमधला हा फरक वाचकाने लक्षात ठेवावा, कारण पुढे सगळी गोष्ट त्यावर येऊन ठेपणार आहे.

रोगाची लक्षणे पशुपालकांना अपरिचित नाहीत. जनावर खंगते, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या पडतात, जबड्याखाली पाणी उतरून पिशवीसारखी सूज लोंबते, दूध आटते. मेंढीने एकाच वेळी पुष्कळ कोष गिळले असतील तर कोणतेही लक्षण दिसण्याआधी ती मरून पडते. आणखी एक विचित्र गोष्ट आहे. कोवळे कृमी यकृत पोखरत जातात तेव्हा तिथल्या मृत भागात सुप्त असलेले एका जातीचे क्लॉस्ट्रिडियम जिवाणू जागे होतात आणि 'ब्लॅक डिसीज' नावाचा जीवघेणा आजार उद्भवतो. त्या जिवाणूविरुद्ध लस आहे. ज्या कृमीमुळे तो जागा होतो त्याच्याविरुद्ध नाही! जगभरात या कृमीमुळे वर्षाला तीन अब्ज डॉलरहून अधिक नुकसान होते, असा आकडा गेली पंचवीसएक वर्षे प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात येतो. मला त्या आकड्याचे फारसे कौतुक नाही. एका म्हशीवर चाललेल्या घराचे दूध दीड लिटरने कमी झाले तर काय होते, हे त्यातून कळत नाही.

युरोपातल्या मेंढपाळांना हा कृमी फार पूर्वीपासून माहीत होता. जाँ द ब्री या फ्रेंच मेंढपाळाने १३७९ साली मेंढपाळीवर लिहिलेल्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पण तो मेंढीच्या पोटात जातो कसा, हे कळायला आणखी पाचशे वर्षे लागली. १८७९-८० मध्ये इंग्लंडमध्ये सततच्या पावसानंतर या रोगाने सुमारे तीस लाख मेंढ्या मेल्या. तेव्हा तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने ऑक्सफर्डच्या ए. पी. थॉमस या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला कामाला लावले. त्याच सुमारास जर्मनीत लाइपझिगला रुडॉल्फ लॉइकार्ट याच प्रश्नामागे होते. दोघांनीही स्वतंत्रपणे १८८२-८३ पर्यंत उत्तर शोधले : वाटेत एक गोगलगाय आहे.

जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात पडतात. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत त्यातून केसाळ, पोहणारी अळी निघते. एका दिवसाच्या आत तिला लिम्निया कुळातली गोगलगाय सापडली नाही तर ती मरते. सापडली तर गोगलगायीच्या शरीरात ती रूपे बदलत स्वतःच्या शेकडो प्रती काढते. मग शेपटीवाल्या अळ्या पाण्यात उतरतात, गवताच्या किंवा भाताच्या ताटाला चिकटतात, शेपटी टाकतात आणि स्वतःभोवती कवच बांधून कोष होऊन बसतात. ओल असेल तर हे कोष महिनोन्‌महिने तग धरतात. आपल्याकडे ही भूमिका प्रामुख्याने लिम्निया ऑरिक्युलेरिया बजावते. डबकी, तलावांचे काठ, कालव्याच्या कडेची पाणथळ आणि भाताची खाचरे ही तिची घरे. त्यामुळे कोकण आणि पूर्व विदर्भाचा धानपट्टा या कृमीला सोयीचे आहेत.

जनावराने कोष गिळल्यानंतर काय होते, ते आणखी उशिरा समजले. आतड्यातून पित्तनलिकेत सरळ वाट आहे, तेव्हा कृमी तिथूनच यकृतात चढत असणार, असा समज होता. १९१४ मध्ये रशियन शास्त्रज्ञ दिमित्री सिनित्सिन यांनी दाखवून दिले की बालकृमी ही सोपी वाट घेतच नाही. कोषातून बाहेर पडल्यावर तो काही तासांतच आतड्याची भिंत भेदतो, उदरपोकळीत उतरतो, तिथून सरपटत यकृताच्या आवरणापाशी पोचतो आणि बाहेरून आत घुसतो. या प्रवासाला साधारण चार ते सहा दिवस लागतात. नंतर सहा-आठ आठवडे तो यकृत पोखरत वाढतो आणि शेवटी पित्तनलिकेत मुक्काम ठोकून दिवसाला वीस हजारांच्या घरात अंडी घालू लागतो. एकदा तिथे पोचल्यावर तो सुरक्षित असतो. मेंढीच्या शरीरात हा कृमी अकरा वर्षे जगल्याची नोंद आहे.

म्हणजे लसीच्या दृष्टीने रणभूमी कोणती, हे १९१४ पासून उघड होते : ते पहिले सहा दिवस. तरीही पुढचे बहुतेक संशोधन पित्तनलिकेत बसलेल्या प्रौढ कृमीभोवती फिरत राहिले. याचे कारण बौद्धिक कमी आणि व्यावहारिक जास्त असावे, असे मला वाटते. प्रौढ कृमी कत्तलखान्यातून बादलीभर मिळतात. बालकृमी मिळवायचे तर गोगलगायी पाळा, त्यांना संसर्ग करा, कोष गोळा करा, त्यातून टाचणीच्या टोकाएवढे जीव बाहेर काढा; आणि इतके करूनही प्रथिन वेगळे काढण्यापुरता माल हाती येत नाही.

लसीची निकड औषधांमुळे वाढली. १९८३ मध्ये ट्रायक्लाबेंडाझोल आले. इतर औषधे प्रौढ कृमी मारत. हे औषध अगदी कोवळे कृमीही मारते. पण १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातून या औषधाला न जुमानणाऱ्या कृमींची पहिली बातमी आली, आणि मग युरोप व दक्षिण अमेरिकेतूनही. शिवाय औषध पाजलेले जनावर त्याच कुरणात चरायला जाते आणि पुन्हा कोष गिळते. दुभत्या जनावराच्या दुधात औषधाचा अंश उतरतो, हा वेगळाच पेच. लसीमध्ये या तिन्ही अडचणी नाहीत.

कृमींविरुद्ध लस होऊच शकत नाही, असे मात्र नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ग्लासगोच्या पशुवैद्यकांनी गाईंच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्यांवर क्ष-किरण सोडून त्यांना अर्धमेले केले आणि त्या वासरांना पाजल्या. या अळ्या शरीरात शिरतात, प्रतिकारशक्तीला आपली ओळख करून देतात, पण रोग करू शकत नाहीत. ही लस अनेक दशके विकली गेली. आपल्याकडे काश्मीरमध्ये मेंढ्यांच्या फुप्फुसकृमीसाठी याच धर्तीची लस बनवली गेली. साहजिकच यकृतकृमीच्या कोषांवरही किरणोत्सर्गाचे प्रयोग झाले. गाईंमध्ये काही प्रयोगांत चांगले संरक्षण दिसले, मेंढ्यांमध्ये जवळपास काहीच नाही. आणि लाखो डोस म्हणजे गोगलगायींचे कारखाने! तो मार्ग तिथेच खुंटला.

मग जनुकीय तंत्रज्ञान आले. कृमीचे एखादे प्रथिन निवडायचे, त्याचे जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून ते हवे तेवढे बनवून घ्यायचे आणि टोचायचे. पहिला उत्साहवर्धक निकाल ऑस्ट्रेलियातून आला. १९९० मध्ये, कृमीपासूनच वेगळे केलेले ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे विकर टोचलेल्या मेंढ्यांत कृमींची संख्या सरासरी ५७ टक्क्यांनी घटली. १९९६ मध्ये आयर्लंडच्या जॉन डाल्टन यांच्या गटाने कॅथेप्सिन एल हे विकर वापरले. यकृत पोखरताना कृमी जी 'कात्री' चालवतो ती हीच. कॅथेप्सिन एल-२ आणि कृमीचे हिमोग्लोबिन एकत्र टोचलेल्या गुरांत कृमी ७२ टक्क्यांनी कमी झाले. त्याहून महत्त्वाचे असे की जे कृमी उरले त्यांची जवळजवळ सगळी अंडी वांझ निघाली. लसीने कृमी मारलाच पाहिजे असे नाही. त्याची अंडी वाया गेली तरी कुरण हळूहळू स्वच्छ होत जाते. १९९९ मध्ये उरुग्वेतून त्याहून मोठा आकडा आला. ल्युसिन अमिनोपेप्टिडेज या विकराने मेंढ्यांत जवळपास ९० टक्के संरक्षण दिले, आणि २०११ मध्ये त्याच गटाने प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनानेही ८० टक्क्यांच्या पुढचा निकाल दाखवला.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे. असे प्रयोग बहुधा गटागटाला पाच ते दहा जनावरांवर होतात. लस टोचायची, काही आठवड्यांनी मोजून कोष पाजायचे, तीनचार महिन्यांनी जनावर मारून यकृतातले कृमी मोजायचे. एकाच गटातल्या दोन मेंढ्यांमध्ये कृमींची संख्या कमालीची वेगळी निघते. लहान गटात एखादी मेंढी निकाल फिरवू शकते. एका प्रयोगातले ७० टक्के दुसऱ्या प्रयोगात ३० टक्के होतात, ते यामुळेही.

आणि आता आपल्या म्हशीकडे. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत फॅसिओला जायगँटिकाच्या प्रथिनांवर दीर्घकाळ काम झाले. मेदाम्ल वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाने म्हशींना एकतृतीयांशाच्या आसपास संरक्षण दिले. उरुग्वेच्या मेंढ्यांत चमकलेले ल्युसिन अमिनोपेप्टिडेज, जायगँटिकातून घेऊन, म्हशींना टोचले तेव्हा काहीच उपयोग झाला नाही. शरीराने प्रतिपिंडे बनवली, पण कृमी तेवढेच राहिले. हा निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते या क्षेत्रातल्या सर्वांत उपयुक्त निबंधांपैकी तो एक आहे, कारण अपयश छापून आणायला धैर्य लागते. त्यातून एवढे कळले की मेंढी, गाय आणि म्हैस, किंवा हेपॅटिका आणि जायगँटिका, एकमेकांच्या जागी गृहीत धरता येत नाहीत.

प्रतिपिंडे असूनही कृमी का मरत नाही? त्याच्याकडे ढाली अनेक आहेत. बालकृमीच्या अंगावर शर्करायुक्त आवरण असते. १९८० मध्ये बेलफास्टचे संशोधक आर. ई. बी. हॅना यांनी दाखवले की प्रतिपिंडे चिकटली की बालकृमी हे आवरणच उतरवून टाकतो आणि खालून नवे चढवतो. वादळात छत्री फेकून पळावे तसा. कॅथेप्सिन विकरे प्रतिपिंडांचे तुकडे करतात. त्याहून मोठी चाल म्हणजे तो यजमानाच्या प्रतिकारशक्तीचा रोखच बदलतो, तिला थंड करतो. याचा प्रत्यय अनपेक्षित ठिकाणी आला. २०१२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या दुभत्या गुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यकृतकृमी असलेल्या गुरांत क्षयाची त्वचाचाचणी मंदावते आणि त्यामुळे क्षयाची सुमारे एकतृतीयांश प्रकरणे नजरेतून निसटत असावीत, असा त्याचा निष्कर्ष होता.

गाईत कालांतराने थोडा प्रतिकार दिसतो, पण तो बराचसा यांत्रिक असतो. पित्तनलिकांच्या भिंती जाड होतात, त्यात चुन्यासारखे क्षार साचतात, यकृत कापताना सुरी करकरते आणि अशा नळ्यांत कृमीला राहवत नाही. मेंढीत तेही होत नाही. तिला पुन्हापुन्हा संसर्ग झाला तरी ती काही शिकत नाही.

एक मेंढी सोडून. इंडोनेशियात जावा बेटावर बारीक शेपटीची एक स्थानिक मेंढी आहे. १९९० च्या दशकात बोगोरच्या पशुवैद्यकीय संशोधन केंद्रात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने तिच्यावर काम झाले. तिला जायगँटिकाचे कोष पाजले तर फार थोडे कृमी यकृतात टिकतात. कॅरिबियन बेटांवरून आणलेल्या सेंट क्रॉय मेंढीत मात्र ते भरभरून वाढतात. दोघींचा संकर करून पुढच्या पिढ्या तपासल्या, तेव्हा या प्रतिकारामागे एक मोठा प्रभाव टाकणारे जनुक असल्याचा संकेत मिळाला. आणि खरी गंमत अशी, की याच मेंढीला हेपॅटिकाचे कोष पाजले तर तिचा काही निभाव लागत नाही!

पुढे २००७ मध्ये डेव्हिड पिड्राफिटा, टेरी स्पिथिल आणि सहकाऱ्यांनी या मेंढीच्या उदरपोकळीतल्या पेशी काढून काचेच्या भांड्यात बालकृमींसमोर ठेवल्या. प्रतिपिंडांच्या मदतीने त्या पेशी जायगँटिकाच्या बालकृमीला चिकटल्या आणि सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या दाहक रूपाचा मारा करून त्यांनी त्याला ठार केले. हेपॅटिकाचा बालकृमी त्याच माऱ्यातून वाचला. सुपरऑक्साइड निष्प्रभ करणारी विकरे त्याच्याकडे अधिक आहेत. म्हणजे जायगँटिकाला मारता येते, उदरपोकळीतच मारता येते, पहिल्या सहा दिवसांतच मारता येते. निसर्गाने ते करून दाखवले आहे, आणि नेमके आपल्या जातीच्या कृमीवर.

इथे फलटणची आठवण होते. निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या दलदलीत वाढणाऱ्या गारोल मेंढीतले जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तेच जुळ्यांचे जनुक जावाच्या मेंढीतही सापडले. बंगालच्या भातखाचरांतल्या आणि जावाच्या भातखाचरांतल्या मेंढ्यांचे हे गोत्र पाहता, यकृतकृमीला तोंड देण्याची क्षमता गारोलमध्येही शोधायला हवी, असे मला वाटते. पण तो प्रजननाचा मार्ग झाला. लसीसाठी या मेंढीचा उपयोग वेगळा आहे : शरीराने काय करायला हवे, याचा ती नमुना आहे.

ज्या लसी यशस्वी झाल्या त्यांनीही कृमीची नेमकी दुबळी जागा हेरली. डुकरातल्या फीतकृमीविरुद्धची लस ऑस्ट्रेलियाच्या मार्शल लाइटॉवलर्स यांच्या संशोधनातून आली आणि हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीने ती बाजारात आणली. तिचे संरक्षण जवळजवळ पूर्ण असते, कारण अंड्यातून नुकताच निघालेला तो गर्भकृमी पहिल्या काही दिवसांत प्रतिपिंडांपुढे उघडा पडतो आणि लस नेमकी त्याच्यावरच रोखलेली आहे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेली 'बार्बरव्हॅक्स' मेंढीच्या जठरातल्या रक्त पिणाऱ्या कृमीविरुद्ध आहे. कृमी रक्त पितो, रक्ताबरोबर प्रतिपिंडे त्याच्या पोटात जातात आणि आतून त्याचे आतडे निकामी करतात. तिचे प्रथिन आजही मारलेल्या मेंढ्यांच्या जठरातून गोळा केलेल्या कृमींपासूनच काढावे लागते. प्रयोगशाळेत बनवलेली नक्कल काम देत नाही.

यकृतकृमीच्या बाबतीत दिशा आता बदलते आहे. २०१५ मध्ये हेपॅटिकाचा जीनोम वाचला गेला. तो सुमारे १.३ अब्ज अक्षरांचा, परजीवींमध्ये फारच मोठा निघाला. त्यामुळे बालकृमी कोणत्या घटकेला कोणते विकर सोडतो ते मूठभर कृमींवरूनही पाहता येऊ लागले. बालकृमीची कॅथेप्सिने प्रौढाहून वेगळी आहेत. प्रौढाची कात्री बोथट करणारी लस बालकृमीला अडवत नव्हती, यात मग नवल राहत नाही. पण हेपॅटिकावर युरोपचा पैसा आहे. जायगँटिका आशिया-आफ्रिकेच्या छोट्या पशुपालकाचा कृमी आहे. वीस-तीस म्हशी चार-सहा महिने पाळून शेवटी त्यांची यकृते उघडून पाहण्याचा खर्च इथल्याच सार्वजनिक संस्थांनी उचलला तर ही लस होईल, नाहीतर नाही.

तोवर काय करावे, याचे उत्तरही जावातूनच मिळते. पश्चिम जावातल्या भातशेतीत असे आढळले की कोष ताटाच्या खालच्या, पाण्यात बुडालेल्या भागाला चिकटलेले असतात. तिथे वैरणीसाठी ताटाचा वरचा भाग घ्यावा आणि ओला पेंढा काही दिवस कडक उन्हात वाळवूनच जनावरापुढे टाकावा, असे सांगितले जाते. गोठ्यालगतच्या खाचरात बदके सोडण्याचा उपायही तिथे करून पाहिला गेला. बदकांच्या विष्ठेतून एक निराळा, गुरांना निरुपद्रवी कृमी पाण्यात जातो. तो गोगलगायीत शिरला की यकृतकृमीच्या अळ्यांना तिथे जागा उरत नाही. आपल्याकडे भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागेच होते. कापणीनंतर ओलसर खाचरांत जनावरे मोकळी सोडण्याची आणि ताजा, बुडख्यासकट कापलेला पेंढा गव्हाणीत टाकण्याची घाई हीच कोषांना गोठ्यात आणते. तोच पेंढा चांगला खडखडीत वाळला की त्यावरचे कोष मरतात.